सरोवराचे तीन मजले

उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की वरचे पाणी कोमट असते आणि तळाशी बुडी मारली की पाणी गारठलेले लागते. लहानपणी आमच्या गावच्या विहिरीत आम्ही तळाचे खडे आणण्याची पैज लावत असू. तळ गार लागतो तो अंधारामुळे, अशी आमची सर्वांची पक्की समजूत होती. पुढे पदार्थविज्ञान शिकलो, शिकवू लागलो, पाण्याची घनता आणि तापमान यांचा आलेख फळ्यावर कितीदा काढला याची गणती नाही. पण त्या आलेखाचा अर्थ अंगाला कळला तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही आपल्या विहिरीत नव्हे.

२०२४ च्या जूनमध्ये मी अमेरिकेत ताईकडे गेलो होतो. ती विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या शहरी राहते. तेथून वायव्येला सुमारे साठ किलोमीटरवर बाराबू गावाजवळ ‘डेव्हिल्स लेक’ नावाचे सरोवर आहे. त्याभोवतीचा प्रदेश १९११ साली राज्याने राखीव उद्यान म्हणून घोषित केला. वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसे येथे येतात, तंबू ठोकून राहतात, कडे चढतात, पोहतात. आम्हीही दोन रात्रींसाठी गेलो. ताई, दाजी, अकरावीतली भाची आणि मी.

नावाने दचकू नका. तेथील मूळ रहिवासी हो-चंक लोक या सरोवराला ‘पवित्र सरोवर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी भाषांतर करताना देवाचा सैतान केला. हो-चंकांच्या पूर्वजांनी हजारएक वर्षांपूर्वी येथे प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे मोठे उंचवटे रचले. त्यांतला पंख पसरलेला एक पक्षी सरोवराच्या आग्नेय काठी अजून पाहायला मिळतो. शेजारून चालत गेल्यास ते नुसते गवताळ टेकाड वाटते. आकार कळण्यासाठी त्याला फेरी घालून मनातल्या मनात नकाशा काढावा लागतो.

पहिल्या दिवशी आम्ही पूर्वेकडील कडा चढलो. सरोवराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला सुमारे दीडशे मीटर उंचीचे कडे आहेत. सह्याद्रीची सवय असलेल्याला ही उंची किरकोळ वाटेल, पण दगड पाहून मी थबकलो. आपला काळा बेसाल्ट नव्हे, तर जांभळट गुलाबी रंगाचा, काचेसारखा कठीण क्वार्ट्‌झाइट. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचे वय साधारण साडेसहा कोटी वर्षे, तर या दगडाचे सुमारे १७० कोटी. हा मुळात समुद्रकाठची वाळू होता. पुढे दाब आणि उष्णता यांमुळे वाळूचे कण एकमेकांत सांधले गेले. काही शिळांवर लाटांनी वाळूत उठवलेल्या वळ्या जशाच्या तशा दिसतात. भाचीने त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “मामा, ही ओहोटी संपून १७० कोटी वर्षं झाली तर!” मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

वाटेत ‘तोललेला दगड’ म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा लागते. निमुळत्या बुडावर उभा राहिलेला तो प्रचंड धोंडा पाहून आता पडेल की काय असे वाटते. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडतो तोवर वस्तू पडत नाही, हे तुम्हांला पाठच असेल. म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. कड्याच्या अंगाखांद्यावर मात्र घरांएवढ्या दगडांचा खच उतरलेला आहे, तो पाहण्यासारखा आहे. भेगांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि कडा फोडते. हजारो हिवाळ्यांनी घातलेले हे घण आहेत.

वरून सरोवर पाहिले म्हणजे त्याची कहाणी उलगडते. दोन कड्यांमधून एके काळी मोठी नदी वाहत होती. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे १५ ते १८ हजार वर्षांपूर्वी, उत्तरेकडून आलेल्या हिमनदीच्या जिभा या खिंडीच्या दोन्ही तोंडांशी येऊन थांबल्या. बर्फ वितळले, पण त्याने ढकलत आणलेली माती, गोटे आणि धोंडे तेथेच राहिले. अशा ढिगाऱ्याला हिमोढ म्हणतात. दोन हिमोढ म्हणजे दोन बांध, आणि मध्ये अडकलेले पाणी म्हणजे हे सरोवर. निसर्गाने बांधलेले धरणच म्हणा ना, फक्त सांडवा ठेवायचा राहिला! या सरोवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही. त्याचे क्षेत्रफळ ३६० एकर, म्हणजे दीड चौरस किलोमीटरला थोडे कमी, आणि जास्तीत जास्त खोली सुमारे १४ मीटर. सांडवा नाही ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी हवा भरायची रबरी होडी पाण्यात सोडली. या सरोवरात पेट्रोलच्या होड्यांना बंदी आहे, त्यामुळे वल्ह्यांचा आवाज तेवढा येतो. माझ्या पिशवीत काचेचा तापमापक असतोच. (ताईच्या मते हा आजार आहे.) दाजींनी विचारले, “खालचं पाणी किती गार असेल हो?” झाले, प्रयोग ठरला.

खोलवरच्या पाण्याचे तापमान घ्यायचे कसे? तापमापक दोरीने खाली सोडून वर ओढला, तर वर येता येता तो वरच्या पाण्याचे तापमान दाखवू लागेल. म्हणून खालचे पाणीच वर आणले पाहिजे. बूच लावलेली रिकामी बाटली वजन बांधून खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर गेली की बुचाला बांधलेली वेगळी दोरी हिसडून बूच काढायचे, बाटली भरू द्यायची आणि झटकन वर ओढून तीत तापमापक घालायचा. बाटलीभोवती लोकरीचा मोजा चढवला की वाटेत ती फारशी तापत नाही. वजन म्हणून दाजींचे दोन किलोचे लोखंडी डंबेल होते. बाटली एक लिटरची, रुंद तोंडाची घेतली. दोन मीटरवर बूच छान निघाले. चार मीटरवर निघेना! दोरी हिसडली की बूच, बाटली आणि डंबेल अशी सगळी वरात वर येई.

मी बूच फुगले असावे असे काहीतरी पुटपुटलो. भाचीने मात्र वहीच्या पाठीवर हिशेब मांडला, आणि तो बरोबर होता. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एक वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम भाराएवढा वाढतो. म्हणून चार मीटरवर ०.४. बुचाचा व्यास दोन सेंटिमीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की बूच आत दाबणारे बल सव्वा किलो भाराएवढे येते. आता बुचाच्या दोरीने ओढताना बाटलीला खाली धरून ठेवणारे काय? डंबेलचे पाण्यातले वजन पावणेदोन किलो, कारण त्याने बाजूला सारलेल्या पाण्याएवढे, म्हणजे पाव किलो, कमी झाले. त्यातून हवेने भरलेल्या बाटलीची वर उचलण्याची ओढ पाऊण किलो वजा केली की उरला एक किलो. सव्वा किलोने दाबलेले बूच एक किलो कसा काढणार? दोन मीटरवर हेच बल निम्मे होते, म्हणून निघाले.

मग इलाज? बाटली लहान आणि तोंड बारीक. शिदोरीत तिखट सॉसची चिमुकली बाटली होती. तोंड एक सेंटिमीटरचे, तापमापक जेमतेम जाईल एवढे. ती स्वच्छ धुतली (सॉसचे काय झाले ते विचारू नका), बूच तासून बसवले आणि काम फत्ते झाले. खाली बूच निघाले की होडीशेजारी बुडबुडे येतात आणि ते थांबले की बाटली भरली असे समजायचे. आणखी एक सोय निसर्गानेच केली आहे. बाटलीतले पाणी थंड, म्हणून जड. बाटली उभी असल्याने वर येताना बाहेरचे कोमट, हलके पाणी बारीक तोंडातून आत शिरून त्याच्यात मिसळत नाही.

आलेले आकडे असे. पृष्ठभागावर २२ अंश सेल्सियस. दोन मीटरवरही २२. चार मीटरवर २१. सहा मीटरवर एकदम १४! आठ मीटरवर ११, दहावर १०, आणि तळालगत बारा मीटरवर साडेनऊ. एका दमात वाचले तर हे आकडे नुसते उतरताना दिसतात, पण आलेख काढून पाहा. वरची चार मीटर रेघ जवळजवळ सरळ खाली येते, पुढच्या चार मीटरांत ती जोराने आडवी पळते, आणि मग पुन्हा सरळ. सरोवर म्हणजे एकसंध पाणी नव्हे, ती तीन मजली इमारत आहे. वरचा मजला ऊबदार, तळमजला थंडगार, आणि मध्ये अरुंद जिना. या मधल्या थराला आपण संक्रमण थर म्हणू.

येथे मी एक मूर्खपणा केला. भाची म्हणाली, “मामा, तो जिना अंगाला कळेल का हो?” मी म्हणालो, कळेल म्हणजे काय, आत्ता सांगतो. लाइफ जॅकेट काढले आणि नांगराची दोरी धरून डोके खाली करून उतरू लागलो. विहिरीत शिकलेला माणूस मी, पाच-सहा मीटरचे ते काय! तीन मीटरवर कान दुखले, आवंढा गिळून ते मोकळे केले. पाणी मजेदार कोमट होते. आणखी दोन हात घेतले आणि पुढे गेलेला उजवा हात कोपरापर्यंत कोणीतरी बर्फात खुपसावा तसा झाला. डोके अजून कोमट पाण्यात, हात हिवाळ्यात! हे इतके विलक्षण होते की मी तेथेच थांबायला हवे होते. मी आणखी एक हात घेतला. चेहरा आणि छाती थंड थरात शिरताच माझ्या छातीने, मला न विचारता, श्वास घेतला. पाण्याखाली.

किती पाणी आत गेले कोण जाणे. दोरी सोडून मी वर आलो, होडीच्या कडेला हात लागला आणि दाजींनी दंडाला धरून मला वर घेतले. दहा मिनिटे खोकत होतो. भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. काठावर ताईने जे सुनावले ते येथे छापण्यासारखे नाही. त्याचा मथितार्थ, “तू शिकवतोस ते तुला स्वतःला कळतं का?” एवढाच होता.

तिचा प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर लिहितो. पाणी हवेच्या मानाने सुमारे चोवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास तेवढ्याच हवेच्या साडेतीन हजारपट उष्णता लागते. म्हणून १४ अंशांच्या हवेत आपण नुसता सदरा घालून फिरतो, पण १४ अंशांचे पाणी त्वचेची उष्णता लुटून नेते. त्वचा एकाएकी गार पडली की मेंदूचा आदेश येण्याआधीच छाती खोल श्वास ओढते आणि मग श्वास भराभर सुरू होतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, निखाऱ्याला लागलेला हात मागे येतो तशी. पट्टीचा पोहणारा असो की नवशिका, ती दोघांनाही होते. तोंड पाण्याबाहेर असेल तर नुसती धाप लागते. तोंड पाण्यात असेल तर काय होते ते मी वर लिहिले आहे. थंड पाण्यात बुडणारे अनेक जण दमून नव्हे, पहिल्या मिनिटातच बुडतात ते यामुळे. लाइफ जॅकेटचा खरा उपयोग त्या मिनिटापुरते तोंड वर ठेवण्याचा. माझे तर होडीत पडले होते.

आता मूळ प्रश्न. हे मजले होतात का? आणि वारा एवढा सुटतो तर पाणी ढवळून एक का होत नाही?

पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते, हे तुम्ही शिकला आहात. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान ४ अंशांना १००० किलोग्रॅम, १० अंशांना ९९९.७, २२ अंशांना ९९७.८. हिवाळ्यात हे सरोवर गोठते. वर बर्फ शून्य अंशावर, त्याखालचे पाणी तळाकडे ४ अंशांच्या आसपास, आणि मासे त्यात सुखरूप. वसंतात बर्फ वितळते, वरचे पाणी तापत ४ अंशांवर येते. त्या वेळी वरपासून खालपर्यंत सर्व पाणी सारखेच जड, म्हणून वाऱ्याचा जरासा जोरही संपूर्ण सरोवर ढवळू शकतो. पुढे ऊन वाढते. सूर्यकिरणांतील उष्णतेचा मोठा भाग पाण्याच्या पहिल्या मीटरभरातच शोषला जातो. वरचे पाणी तापून हलके होते, वारा त्याला थोडे खाली ढकलतो, पण खालच्या जड पाण्यावर ते तेलासारखे तरंगते. दिवसेंदिवस फरक वाढतो आणि एके दिवशी वाऱ्याची ताकद अपुरी पडते. मग तो फक्त वरचा मजला ढवळत बसतो.

तुम्ही म्हणाल, १० अंशांच्या आणि २२ अंशांच्या पाण्यात घनमीटरमागे फरक जेमतेम दोन किलोचा. एवढ्याशाने काय होते? पण क्षेत्रफळ आठवा. दीड चौरस किलोमीटर पसरलेले ते जड पाणी काही मीटर वर उचलायचे म्हणजे केवढे कार्य करावे लागेल! वाऱ्याला ते उन्हाळाभर जमत नाही. शरद ऋतूत वरचे पाणी निवत निवत तळाच्या पाण्याएवढे जड होते, मग एखाद्या वादळी रात्री सगळे मजले कोसळून एक होतात.

आता त्या न ठेवलेल्या सांडव्याकडे येऊ. उन्हाळाभर तळमजला कोंडलेला असतो. वरची हवा त्याला मिळत नाही. वरून पडणारी मेलेली शेवाळी, पाने तेथे कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू असताना तळाच्या गाळातील लोह फॉस्फरसला धरून ठेवते, प्राणवायू संपला की ते त्याला सोडून देते. फॉस्फरस म्हणजे शेवाळाचे खत. शरदात मजले कोसळले की हे खत सरोवरभर पसरते आणि पुढे शेवाळ माजते. ओढ्यावाटे ते बाहेर जावे, तर ओढाच नाही. कधी काळी काठावरच्या हॉटेलांतून आणि शेतांतून आलेले खत असे वर्षानुवर्षे आत-बाहेर न करता नुसते वर-खाली फिरत राहिले.

२००२ सालापासून येथे यावर एक उपाय योजला गेला, आणि तो तुमच्या नववीच्या पुस्तकातला आहे. सरोवराच्या सर्वांत खोल भागापासून एक लांब नळ टाकून काठापलीकडे नेला. हिमोढाने अडवलेले पाणी उंचावर, बाराबू नदीचे पात्र खाली. म्हणून एकदा नळ पाण्याने भरला की वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी आपोआप वाहते. रॉकेलच्या पिंपातून नळीने रॉकेल काढताना घरातल्या मोठ्यांनी हेच केलेले असते. उन्हाळ्याच्या अखेरीस, जेव्हा तळमजल्यात फॉस्फरस सर्वांत जास्त साठलेला असतो, तेव्हा तेवढेच पाणी काढायचे आणि वरचे स्वच्छ पाणी राहू द्यायचे. पाण्याचे मजले नसते तर ही युक्ती चाललीच नसती. ज्या भिंतीने दुखणे निर्माण केले तिचाच उपयोग करून ते उपसायचे, ही कल्पना मला कड्यांपेक्षाही देखणी वाटली.

त्या रात्री मला शेकोटीजवळ घोंगडीत गुंडाळून बसवले गेले. (येथे बाहेरगावचे जळाऊ लाकूड आणायला मनाई आहे. झाडे पोखरणारी कीड लाकडातून प्रवास करते.) ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे १८-१९ अंशांवर असतो, तेथे तो ४३ अंशांवर, म्हणजे मान चांगलीच वर करावी लागली. पूर्व काठाने रेल्वेचा रूळ जातो. रात्री मालगाडी गेली तेव्हा तंबूपासून ती दूर असूनही चाकांचा खडखडाट स्पष्ट आला. पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. हवेचेही मजले असतात तर! पहाटे तंबूच्या छतावरून थेंब टपकू लागले तेव्हा दाजींना पाऊस आला असे वाटले. आकाश निरभ्र होते. चार माणसांचा श्वास आणि त्वचा यांतून रात्रभरात लिटरभर पाणी सहज बाहेर पडते, ते थंड कापडावर जमले होते.

आपल्याकडे सरोवरे गोठत नाहीत, पण उन्हाळ्यात खोल जलाशयांत हेच मजले बनतात. खोल धरणाच्या तळाच्या दारातून सोडलेले पाणी मे महिन्यातही गार लागते ते म्हणूनच. त्यासाठी जलाशयात उतरण्याची गरज नाही. घरी मोठी काचेची बरणी घ्या. ती निम्मी थंड पाण्याने भरा आणि त्यात शाईचे चार थेंब टाका. मग साधे कोमट पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू ओता. स्वच्छ रेघ दिसेल. आता वहीने बरणीच्या तोंडावरून वारा घाला. वरचा थर फिरेल, खालचा जागचा हलणार नाही. दुसऱ्यांदा कोमट पाण्यात शाई टाकून ते खाली ठेवा आणि थंड पाणी वरून ओता. काय होते ते आधी लिहून ठेवा, मग करून पाहा.

आणि ज्यांना गणित आवडते त्यांच्यासाठी भाचीने दिलेला प्रश्न: त्याच डंबेलने, एक सेंटिमीटर तोंडाच्या सॉसच्या बाटलीचे बूच जास्तीत जास्त किती खोलीवर निघेल? बाटलीची स्वतःची ओढ आणि बुचाचे घर्षण शून्य धरा. तेथे सरोवराचा तळ आड आला, म्हणून आम्हांला पाहता आले नाही.